रज्जाक सर आणि रिप्लेस ऑल

रज्जाक सर फाइंडच्या चौकटीत शब्द टाकायचे आणि एंटर दाबायच्या आधी स्क्रीनला चक्क हाक मारायचे, "कोण कोण हाय रं तिथं? हात वर करा!" माझा कामावरचा पहिला दिवस होता, मी त्यांच्या मागच्या खुर्चीवर बसलेले, मला वाटलं मलाच विचारतायत. मी खरोखर हात वर केला! सर वळले, माझ्या हाताकडं बघितलं आणि म्हणाले, "खाली घे. तुझं नाव अजून प्रोग्रॅममधी आलं न्हाई."

शिरूरच्या एसटी स्टँडसमोर, एका मेडिकलच्या वरती दोन खोल्या, तेच आमचं ऑफिस. दूध संकलन केंद्रांसाठी प्रोग्रॅम करायचो आम्ही. म्हणजे शेतकरी सकाळी दूध घालणार, मशीन फॅट सांगणार आणि आमचा प्रोग्रॅम पावती छापणार, एवढंच. पण तेव्हा, मोबाइल नुकतेच हातात यायला लागले होते तेव्हा, एवढंच म्हणजे केवढं तरी होतं! मी दौंडची, रेल्वे कॉलनीत वाढलेली. बीसीएस झाल्या झाल्या शिरूरला आत्याकडं राहायला आले आणि इथं चिकटले. माझी बोटं कीबोर्डवर फार पळतात, आत्ताही पळतायत. सरांनी दुसऱ्याच दिवशी माझं नाव ठेवलं, एक्सप्रेस. "ए एक्सप्रेस, जरा दमानं. पॅसेंजरसारखं जायचं. सगळी स्टेशनं घ्यायची."

त्यांची स्टेशनं घ्यायची पद्धत अशी: एखादा शब्द बदलायचा असला तर रिप्लेस ऑल कधी, कधीच दाबायचं नाही. पहिला शब्द सापडला की तो निळा व्हायचा. सर त्याला विचारायचे, "हां, तू कोण? हितं काय काम तुझं?" वरच्या दोन ओळी, खालच्या दोन ओळी वाचायचे, मग बदलायचे, मग पुढचा. मी वैतागायचे. एक बटण दाबलं की सगळं होतंय, मग कशाला? ते म्हणायचे, "एकेकाला भेटून बदलावं. न भेटता बदललं की रुसतंय. आन् रुसलेलं कवा तोंड वर काढंल, सांगता येत न्हाई."

नुसता शब्द नाही, तर शब्दाचा नमुना कसा शोधायचा हे मला त्यांनीच शिकवलं. कॉलेजात आम्हाला ते टिंबटिंब-चांदणीचं प्रकरण पाठ करायला लावलं होतं, डोक्यात काही शिरलं नव्हतं. सरांनी चहाच्या टेबलावर बोटानं पाण्याचं टिंब काढलं. "ह्ये टिंब म्हंजी कोणबी येऊ द्या. ही चांदणी म्हंजी कितीबी येऊ द्या. दोन्ही शेजारी लावली की झालं गावजेवण! कोणीबी या, कितीबी या. मंग वाढता वाढता मरतंय मशीन." प्रश्नचिन्ह म्हणजे पाव्हणा, "आला तर आला, न्हाई आला तर न्हाई." आणि शब्द जिथं सुरू होतो नि संपतो तिथं घालायची जी खूण असते, तिला ते बांध म्हणायचे. "बांध घातल्याबिगर शोधायचं न्हाई. न्हाई तर शेजाऱ्याच्या रानातलं बी आपलंच म्हणून उपटून आणतंय."

सर मांडवगण फराट्याचे. आडनाव तांबोळी. वडलांची तिथं पानाची टपरी. आमच्याकडं येणारे साहेबलोक त्यांच्याशी पाच मिनिटं बोलले की हमखास म्हणायचे, "तांबोळी? अरे वा, मराठी छान आहे हो तुमचं!" त्यावर सर शांतपणे म्हणायचे, "मंग दुसऱ्या कुणाचं बोलू साहेब? आमच्याकडं ह्ये एकच हाय." साहेब हसायचे, आणि मग हसणं अर्ध्यावर थांबायचं. मला हे इतकं आवडायचं की मी मुद्दाम वाट बघायचे, आता हे म्हणतील, आता सर म्हणतील.

आणि हेच एकच मराठी त्यांच्या कोडमध्येही होतं. हे मी सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही. सगळ्या जगाचे प्रोग्रॅमर नावं इंग्रजीत ठेवतात ना? सरांच्या फायलीत इंग्रजी अक्षरांत मांडवगण फराटा भरलेला होता. दूध आलं असेल तर 'हाय', नसेल तर 'न्हाई'. कधी आलं ते 'कवा'. अवघड जागी सूचना लिहिलेली, 'हिकडं हात लावू नको'. एका ठिकाणी तर, 'ह्ये का चालतंय मला बी म्हाईत न्हाई, पण चालतंय'. दूध न घालता कुणी पावती मागितली की स्क्रीनवर यायचं, 'दूध न्हाई, मंग पावती कशापायी?' आणि प्रोग्रॅम बंद करताना खाली एक ओळ, 'तांबोळीनं केलंय. बिघडलं तर त्यालाच इचारा.'

मला वाटायचं, सर हे मजेत करतात. एकदा चहा पिताना कळलं की तसं नव्हतं. डोक्यात जे जसं यायचं तसं लिहिलं तरच त्यांना काम सुचायचं, आणि त्यांना त्याची लाज वाटायची. पुण्याला एका कंपनीत इंटरव्ह्यूला गेले होते. समोर तिघं. एकानं विचारलं, हा प्रोग्रॅम तुम्ही स्वतः केलाय? सर म्हणाले, "व्हय." तिघांतला एक जण खाली बघून हसला. "बास, तेवढंच," सर कपात बघत म्हणाले. "मंग त्यांनी इंग्रजीत इचारलं. मला येत व्हतं गं सगळं. पण तोंडच उघडंना. एकदा तसल्या ऑफिसात टेबलामागं बसायचंय मला. एकदाच. मंग मेलो तरी चालंल." मी काहीतरी विनोद करायला गेले, आणि तो सोडून कप विसळायला उठले.

मग तसली वेळ आलीच की! आमचे शेठ एका शनिवारी उड्या मारत वर आले. पुण्याची एक मोठी कंपनी आमचा प्रोग्रॅम घेणार होती, आणि प्रोग्रॅमबरोबर तो सांभाळणारा माणूसही. सोमवारी त्यांच्या मॅडम येणार, चालवून बघणार, आतला कोडही बघणार. बोलता बोलता शेठनी सरांच्या स्क्रीनकडं पाहिलं. "रज्जाक, हे असलं दाखवणार तू? 'हिकडं हात लावू नको'? अरे, ती बाई म्हणेल गोठ्यात बसून लिहिलंय!" शेठ हसले. मीही हसले, कारण वाक्य हसण्यासारखं होतं. सरांचे कान लाल झाले होते, ते मला नंतर दिसलं.

दुपारी सरांनी सगळ्या फायली उघडल्या. फाइंडमध्ये 'न्हाई' टाकलं. मी वाट बघत होते, आता हाक मारतील. नाही मारली. मी म्हणाले, "सर, हात वर नाही करायला लावले?" "गप बस," एवढंच म्हणाले. आणि त्यांनी रिप्लेस ऑल दाबलं! सगळ्या फायलींत बदलायचं का, असं मशीननं विचारलं, त्यांनी व्हयलाही वेळ दिला नाही, एंटर. 'न्हाई' गेलं. 'हाय' गेलं. मला विचारत होते, मी शेजारून इंग्रजी शब्द देत होते. 'कवा'ला काय म्हणू? व्हेन म्हणा सर. 'हिकडं हात लावू नको'च्या जागी डू नॉट मॉडिफाय. अंगावरचा चिखल खरवडावा तसं ते करत होते, भराभर, स्क्रीनकडं नीट न बघता. बांध घालायचा राहिला हे ना त्यांच्या ध्यानात आलं, ना माझ्या.

सोमवारी मॅडम आल्या. चांगल्या होत्या हो, उगाच कशाला वाईट म्हणू. शांत, हसऱ्या, आल्या आल्या मला नाव विचारलं. शेठनी खरं गिऱ्हाईक दाखवायचं म्हणून कवठे येमाईच्या केंद्रावर रोज दूध घालणारे आबा बोलावून ठेवले होते. पांढरी टोपी, हातात दुधाची किटली. सर इस्त्रीचा शर्ट घालून आलेले आणि एकेक शब्द तपासून बोलत होते. "होय मॅडम. आहे मॅडम. करतो मॅडम." मॅडम कोड बघून म्हणाल्या, "किती स्वच्छ लिहिलंय!" मग त्यांनी सरांचं कार्ड वाचलं. "तांबोळी? मराठी छान आहे हो तुमचं." मी सरांकडं पाहिलं. आता म्हणतील.

"थँक्यू मॅडम," सर म्हणाले.

मला एकदम पायाखालच्या फरशीकडं बघावंसं वाटलं.

मग पावती काढून दाखवायची होती. आबांनी किटलीतलं दूध मशीनला लावलं, फॅट आलं, प्रिंटर खरखरला, पावती निघाली. आबांनी ती डोळ्यांपासून लांब धरली. "ह्यी आमची न्हाई."

शेठ म्हणाले, "तुमचीच आहे आबा, आत्ता तर दूध घातलंत."

"दूध माझं हाय. गाव माझं न्हाई. मला इंग्रजी येत न्हाई, पर रोज बघतो की मी. आमच्या गावाचं पहिलं अक्षार तंगडी पसरून हुबं असतंय. ह्ये तिसरंच कायतरी हाय."

मॅडमनी वाचलं, "व्हेनदे येमाई? हे कुठलं गाव?"

इंग्रजीत कवठे लिहिलं की त्याची सुरुवातीची अक्षरं तीच, सरांच्या 'कवा'ची. गावांची यादीही त्याच फायलींत होती आणि बांध नव्हता. 'कवा'च्या मागं लागलेल्या मशीननं आबांच्या गावाचं डोकंही उडवलं होतं आणि तिथं 'व्हेन' बसवला होता. सरांना क्षणात कळलं. "एक मिनिट मॅडम, लगेच करतो," म्हणत त्यांनी फाइंड उघडलं. घाईत चौकटीच्या कडेच्या छोट्या बाणावर क्लिक झालं. आधी जे जे शोधलेलं असतं ना, ते कोड लिहायचा एडिटर लक्षात ठेवतो. ती सगळी यादी खाली धपकन उघडली. शनिवारची अख्खी दुपार!

मॅडम वाचायला लागल्या. "न्हाई... हाय... कवा... कशापायी... हिकडं..." आणि त्यांना हसू आलं. "हे काय आहे?"

आबा खुर्चीतून पुढं झुकले. खूश! "आरं, ह्यी तर आपली बोली! कंप्युटराला बी यायला लागली व्हय? कुणी शिकवली रं?"

सरांनी यादी बंद केली. आबांकडं नाही बघितलं, माझ्याकडं नाही. "ते... आमच्याकडं आधी एक पोरगा होता मॅडम. त्याचं काम. सोडून गेला तो. मी काढून टाकलं सगळं."

"बरं केलंत," मॅडम म्हणाल्या. "कोडमध्ये असलं नको."

"नाही मॅडम. नको."

आबा आपले पुन्हा म्हणाले, "चांगला आसंल की पोरगा. कुठल्या गावचा व्हता?" मी कीबोर्डवरची धूळ पुसत होते. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती, आणि ती नक्की कुणाची वाटत होती हे मला आजही सांगता येत नाही. सरांची? आमच्या ऑफिसची? शेजारून भराभर इंग्रजी शब्द पुरवणाऱ्या माझी?

नोकरी मिळाली. पुण्याला गेले सर. निघताना पेढे वाटले, मला म्हणाले, "एक्सप्रेस, आता हितलं तूच बघ," आणि जिन्यावरून उतरताना एकदाही वर बघितलं नाही.

महिनाभरानं त्यांचा ऑफिसात फोन आला. आवाज दबका. "इनामगावच्या केंद्रावर अजून जुनंच चालू हाय का गं?" होतं. सगळीकडं नवा प्रोग्रॅम बसवला होता, तेवढं एक राहिलं होतं. "मॅडम केंद्रं बघायला निघाल्यात. जुनं बंद करताना माझं नाव येतंय. त्या पोराचं म्हणून सांगितलंय मी... तू जा. मॅडमच्या आधी जा."

मी गेले. सीडी पर्समध्ये घालून दुपारच्या एसटीनं इनामगावला गेले. केंद्र मंगलताई सांभाळायच्या. मी म्हणाले, नवीन टाकायचंय. त्या म्हणाल्या, "कशाला? चालतंय की झ्याक." आणि मला दाखवायला म्हणून त्यांनी दूध न घालता पावती मागितली. 'दूध न्हाई, मंग पावती कशापायी?' ताई खुदकन हसल्या. "रोज येतंय तरी हसू येतंय बघ. सकाळच्या पारी माणसं मुद्दाम बटण दाबत्यात. ह्ये तेवढं राहू दे."

"नाही राहणार ताई. सुधारलंय ते आता."

सुधारलंय! हा शब्द माझ्याच तोंडातून गेला. नवीन चढवलं, जुनं पुसलं. ताईंनी परत तेच बटण दाबलं. इनव्हॅलिड एंट्री. "काय म्हणतंय ह्ये?" मी सांगितलं, चूक झाली म्हणतंय. "माझी?" ताई म्हणाल्या. मी सीडी काढून घेतली.

शिरूरला उतरल्यावर स्टँडवरच्या पीसीओतून सरांना फोन लावला. म्हटलं, झालं सर, काढलं. तिकडं मागं फोनच्या घंटा, इंग्रजीत बोलणं, एसीची घरघर. सर अगदी हळू म्हणाले, "कुठं काय राहिलं न्हाई ना गं?"

"नाही सर. कुठंच नाही."

मला वाटलं, आता म्हणतील, जरा दमानं ए एक्सप्रेस, किंवा विचारतील तरी, मंगलताई काय म्हणाल्या. पण त्यांना तिकडून कुणीतरी मिस्टर तांबोळी म्हणून हाक मारली. त्यांनी घसा साफ केला.

"ठीक आहे," ते म्हणाले. "धन्यवाद."