सही केलेला नारळ

श्रीरामेश्वराला वंदन करून आज नारळी पौर्णिमेच्या दिवशी हे लिहितो.

सकाळी पूजेचा नारळ सोलत असता नातू म्हणाला, "आजोबा, माझ्या आवडत्या फलंदाजाने सही केलेली बॅट घ्यायला माझा महिन्याचा पगारही पुरत नाही. आता सामने बघावेसेच वाटत नाहीत." हाताला काथ्याचा ओला वास येत होता, आणि मला मालवण बंदरावरची एक पौर्णिमा आठवली.

त्या वर्षी समुद्रपूजा मी सांगत होतो. पहिला नारळ होड्यांचा म्होरक्या असलेल्या पांडू तांडेलाचा. तो अर्पण झाल्याशिवाय एकही होडी मासेमारीस निघत नसे. इतक्यात एक नामवंत गोलंदाज पूजा पाहण्यास आला. क्रिकेटवेड्या पांडूने भान हरपून हातातला नारळच सहीसाठी पुढे केला, आणि त्यानेही हसून सही केली.

"अवो, आता ह्यो नारळ दर्याक घालतलास, काय देव्हाऱ्यात ठेवतलास?" पांडूची बायको कडाडली.

भरती ओसरू लागली होती, नारळ सोडण्याची वेळ टळत होती. पांडूची बोटे त्या अक्षरांवरून सुटेनात.

गोलंदाज ओशाळून म्हणाला, "अर्पण करा. मी कागदावर दुसरी देतो."

"नको, सायबानू. तुमी दिलास, ता माका पावला," म्हणत पांडूने नारळ सागरात सोडला.

तेव्हा मला ती केवळ त्याची भक्ती वाटली. आज वाटते, ती सही त्याला पैसे न मोजता, नुसती मागताच मिळाली होती, म्हणूनच तो ती दर्याला देऊ शकला. वाचकहो, तसे मोकळे मिळणे आणि तसेच देणे आपल्या घरादाराला लाभो.