म्हाळूमामांचे बुडबुडे

वडगाव रासाईत नदीवरची मोटार पाणी ओढेनाशी झाली की लोक आधी म्हाळूमामांना फोन करतात, मग वायरमनला. बहुतेक वेळा पाइपाच्या तोंडाच्या जाळीत जलपर्णी अडकलेली असते. मामा बुडी मारणार, एका दमात जाळी मोकळी करणार, वर येणार. एकतीस वर्षं हेच चाललं होतं.

मग गावाच्या पाणीयोजनेची नवी विहीर झाली. तिची जाळी चाळीस फूट खोल. तिथं एक दम पुरेना. पाठीवर सिलिंडर बांधायचा तर मामांच्या मणक्यात गॅप. पोहायला हरकत नाही, पाठीवर वजन नको, असं डॉक्टरांनी बजावलेलं. आता बाहेरचा पाणबुड्या येणार आणि आपण काठावर बसून बघणार, या विचारानं मामांचं जेवण कमी झालं होतं.

त्यांची मुलगी मोनाली कुरकुंभला एका कंपनीत सेफ्टी विभागात आहे. तिनं तेजश्रीला शोधून काढलं. तेजश्री कासुर्डीजवळच्या एका खोल विहिरीत डायव्हिंग शिकवते. तिच्या पद्धतीत पाठ मोकळी राहते. दोन सिलिंडर दोरानं पाण्यात सोडायचे, आपण नुसतं उतरायचं आणि पाण्यातच दोन्ही काखांखाली एकेक अडकवायचा. तिथं त्यांचं वजन जाणवतच नाही.

"हे तर दोन बगलांत दोन कळश्या!" मामा खूश झाले.

पण शिकवणीच्या पहिल्या तिन्ही रविवारी ते तिच्या परीक्षेत नापास झाले. पाण्यात शिरले की सवयीनं श्वास कोंडायचे. सिलिंडरची हवा घेऊन श्वास कोंडला आणि तसंच वर आलं, तर हवा फुगून फुप्फुसाला इजा होते. तेजश्रीनं चौथ्या रविवारी स्पष्टच सांगितलं, "मामा, बुडबुडे थांबले की परीक्षा थांबली. आज नाही जमलं तर मी प्रमाणपत्रावर सही करणार नाही."

मामांचा चेहरा पडला. "एवढी वर्सं दम धरायला शिकलो, आन् आता म्हणं सोडा!"

काठावरून मामी, म्हणजे अंजनाबाई, ओरडल्या, "भीमजयंतीला माईक हातातनं सोडत न्हाई, तवा कुठं जातो दम? गाणं म्हणा की खाली!"

"अगं, तोंडात नळी हाय!"

"मग नाकातनं गुणगुणा. तसंबी तुमचं शब्द कुणाला कळत्यात?"

तेजश्रीला हसू आवरेना. पण ती म्हणाली, "मामी बरोबर बोलतायत. गुणगुणायचं म्हणजे श्वास सोडावाच लागतो."

मामा उतरले. तेजश्री त्यांच्यासोबत. मोनाली पायरीवर वाकून बघत होती. पाणी शांत झालं. मग बुडबुड्यांचा एक झुबका वर आला. थांबला. मोनालीनं पायरीची कड घट्ट धरली. पुन्हा झुबका, लगेच दोन छोटे, मग एक लांबलचक.

"मम्मी, हे..."

"भीमगीत हाय," अंजनाबाई टाळ्या वाजवत म्हणाल्या. "आन् खालीबी बेसूरच."

पंचवीस मिनिटं बुडबुडे ठेक्यात येत राहिले. मामा कुठंही श्वास न कोंडता, सावकाश वर आले. तेजश्रीनं दोन्ही सिलिंडरचे काटे पाहिले. आलटूनपालटून श्वास घेतल्यामुळे दोन्हीकडे सारखीच हवा उरली होती.

"पास," ती म्हणाली.

मोनालीनं पायरीवरूनच शिट्टी मारली. अंजनाबाईंनी भाकरीचं फडकं सोडलं. "या आता वर. गार होतंय समदं."

मामांनी नळी तोंडाजवळ आणली. "तुम्ही बसा दोघी. तेजश्रीताई, अजून एक कडवं राहिलंय."

तेजश्रीनं पुन्हा मास्क चढवला.