तारबाईंची नळी

प्रयोगशाळेत त्यांना सगळे तारबाई म्हणत, अर्थात पाठीमागे. हवा काढून घेतलेल्या काचेच्या नळीत तार तापवायची आणि तिच्यातून किती इलेक्ट्रॉन बाहेर पडतात ते मोजायचं, यातच त्यांचं अर्धं आयुष्य गेलं. सासूबाई आल्यागेल्याला सांगत, आमची सून तिकडे दिवे लावते. नवऱ्याने तर नळीला आपली सवत ठरवून टाकलं होतं.

मग एक तार हाती लागली. मागच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या तारवाल्याने ओढून दिलेली. ती जेमतेम लालसर झाली आणि मीटरचा काटा टोकाला जाऊन भिडला. पुन्हा तापवली, पुन्हा तेच. इतक्या कमी आचेवर इतके इलेक्ट्रॉन तोवर कुणी पाहिले नव्हते. तारबाईंना आनंदाने रडू आलं. त्यांनी शोध जाहीरही करून टाकला.

दुसरी तार मात्र काही केल्या तसं करीना. तिसरीही नाही. पहिलीवर कसला तरी पातळ थर बसला असणार, हे त्यांनी ताडलं. विचारायला गेल्या तर तारवाला वारलेला. त्याची बायको म्हणाली, ते हाताला येईल त्या डब्यातलं वंगण लावायचे.

इकडे विभागप्रमुख हटून बसले: थर कसला ते सांगा, नाहीतर दावा मागे घ्या. ते सांगायचं तर नळी फोडून तार रसायनवाल्यांकडे द्यायला हवी. आणि हवा आत शिरली की थर नासणार, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? बाई चांगल्याच कात्रीत सापडल्या. बरेच दिवस टाळाटाळ केली, हातापाया पडून झालं, कुणी ऐकेना. शेवटी त्यांनी स्वतःच काचेवर कानस फिरवली. बारीकसा फुस्स आवाज झाला, एवढंच.

रसायनवाल्यांना नुसती तार सापडली. दावा मागे गेला. काही लोक हळहळले, काही गालातल्या गालात हसले. रागवायचंही बळ बाईंमध्ये उरलं नव्हतं.

पुढे काही वर्षांनी दूरच्या विद्यापीठातला एक संशोधक पत्ता काढत आला. त्यालाही तसाच प्रवाह मिळाला होता, आणि बाईंनी तो आधी पाहिला हे जाहीरपणे सांगायची त्याची तयारी होती. माणूस सज्जन होता.

"फक्त एकदा तुमची नळी चालू करून दाखवा," तो म्हणाला. "मी लगेच तसं लिहून सही करतो."

तारबाईंनी त्याला बसायला खुर्ची दिली.

"फोडली मी ती," त्या म्हणाल्या. "लोकांना खरं वाटावं म्हणून."