चौदाच्या खाली गेलं तर

गाळप हंगाम सुरू झाला की कारखान्याच्या यार्डात ऊस साचतो आणि आमच्या सी टाइप क्वार्टर्सच्या ओळीत थंडीचे किस्से साचतात. ऊस निदान गाळला तरी जातो. किस्से दर हिवाळ्यात नवीन येतात आणि जुने टाकून द्यायला कुणी तयार नसतं.

आमची ओळ म्हणजे कोपरगावच्या बाजूला, गोदावरीच्या काठापासून हाकेच्या अंतरावर, दोन-दोन खोल्यांची बैठी घरं. वर सिमेंटचे पत्रे. उन्हाळ्यात भट्टी, हिवाळ्यात फ्रीज. समोर कारखान्याचा बॉयलर रात्रंदिवस धगधगतोय आणि आम्ही इकडे घरात बसून तोंडातून वाफ काढतोय! त्यांच्या वाफेवर साखर होते, आमची फुकट जाते.

मी लॅबमध्ये केमिस्ट. शेजारच्या क्वार्टरमध्ये संपत फिटर आणि त्याची आई, आक्का. आक्कांना थंडीत धाप लागते. परवाच्या दिवाळीला थोरला मुलगा प्रकाश डोंबिवलीहून आला, तो भिंतीवर टेम्परेचर दाखवणारं घड्याळ लावून गेला. जाताना बजावलं, "रोज सकाळी व्हिडिओ कॉल करणार. हे चौदाच्या खाली गेलं, की तुला तिकडं नेणार. मग रडायचं नाही."

त्याला आईची काळजी होती, त्यात काही खोट नव्हती. पण आक्कांना डोंबिवलीचं नाव काढलं तरी घाम फुटतो. "तितं दार लावून बसायचं. अन् उघडलं तर समोर दुसऱ्याचं लावल्यालं दार," त्या म्हणायच्या. आक्का इथं राहणार की जाणार, ते आता घड्याळ ठरवणार होतं. आमच्या ओळीनं ते मनावरच घेतलं. म्हटलं, बघूच कोण नेतंय आक्कांना.

*

पहिला उपाय संपतनं केला. हीटर आणला. त्याचं बघून पलीकडच्यानं आणला. मग काय, कुणाच्या बायकोनं ऐकून घ्यावं? आठवड्यात घरोघरी हीटर. एका संध्याकाळी सगळे एकदम लागले आणि अख्ख्या ओळीचा फ्यूज उडाला.

दुसऱ्या दिवशी इस्टेट ऑफिसचे साहेब आले. "क्वार्टरमध्ये हीटर चालणार नाही. लोड झेपत नाही."

आक्का ओट्यावर लसूण सोलत होत्या. "सायेब, तुमच्या बंगल्यावर हीटर हाय का?"

"आहे. पण ती लाइन वेगळी आहे."

"मंग बरं झालं. आजपासनं आमी समदे तिकडंच झोपाया येतो. गोधड्या आमच्या आमी आनू."

साहेब हसलेही नाहीत. बंदी कायम राहिली आणि हीटर माळ्यावर गेले.

*

मग ओळीतलेच, कारखान्याचे मीटर सांभाळणारे इन्स्ट्रुमेंटवाले जोशी पुढे सरसावले. जोशी म्हणजे शास्त्रशुद्ध माणूस, चहासुद्धा घड्याळ लावून उकळतात. ते म्हणाले, "गरम हवा वर जाते. ती पत्र्याखाली अडकलीय. पंखा एक नंबरवर ठेवा, ती खाली येईल."

डिसेंबरात पंखा! पण जोशींपुढे बोलायचं कुणी? आक्का शाल कानाला घट्ट ओढून पंख्याखाली बसून राहिल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "जोशीसायेब, आली का वरची हवा?"

"येतेय, आक्का."

"मंग तिला म्हनावं, येताना दार लावून घे."

दार लावलेलंच होतं. पण खालच्या फटीतून मांजर आरामात ये-जा करत होतं. जोशींची एक गोष्ट मानायला हवी, त्यांना राग आला नाही. त्यांनी पंखा बंद केला, उदबत्ती पेटवली आणि धूर कुठं कुठं हलतो ते बघत घरभर फिरले. दाराखाली, खिडकीच्या चौकटीत, भिंत आणि पत्रा यांच्या मधल्या भोकांत. घर कसलं, चाळण होती. फटी बुजल्याशिवाय बाकी सगळं फुकट, हे त्या संध्याकाळी आम्हाला पटलं.

*

फटी बुजवायला आम्ही काय वापरावं? साखर कारखान्याची माणसं आम्ही. साखरेची रिकामी पोती! संपतनं गोदामातून फाटकी पोती मागून आणली. भोकांत पोती, दाराला पोत्याचा पडदा, खिडकीला पोतं, आणि आक्कांच्या बाजेजवळच्या भिंतीलाही पोती. सकाळी घड्याळ सोळावर. संपत ओळभर सांगत फिरला.

तिसऱ्या दिवशी मुंग्या आल्या. पडद्यावर मुंग्या, बाजेच्या पायांवर मुंग्या, संपतच्या युनिफॉर्मच्या खिशात मुंग्या. पोती झटकून घ्यायची असतात हे एकालाही सुचलं नव्हतं. जन्म साखरेत गेला की ती दिसत नाही.

इस्टेटचे साहेब नेमके तेव्हाच राउंडला आले. "हा काय प्रकार आहे? मुंग्या किती झाल्यात!"

आक्का शांतपणे म्हणाल्या, "सायेब, गार घरात मुंगी बी येत न्हाई. तुमच्याकडं आल्या का?"

मग पोती नळावर धुतली, उन्हात वाळवली आणि परत टांगली.

*

पुढचा किस्सा सांगताना अजून माझा आवाज चढतो. फटी बुजल्या, घर घट्ट झालं. आक्कांना वाटलं, आता शेगडी आत घेतली की चैनच. कोळसे फुलवले, दार लावलं आणि बसल्या. मी संध्याकाळी विरजण मागायला गेलो. आक्का भिंतीला टेकलेल्या, "डोकं जड झालंय रं," म्हणाल्या. मी शेगडी उचलून बाहेर नेली आणि दारं-खिडक्या सताड उघडल्या.

मी ओरडलोच. "बंद खोलीत कोळसा जीव घेतो, आक्का! झोपेत माणूस जातो, कळतसुद्धा नाही."

"डोंबिवलीपरीस बरं."

माझा आवाज ऐकून धावत आलेल्या संपतचा चेहरा उतरला. मलाही भयंकर राग आला. म्हटलं, "जा मग झोपेतच. प्रकाश सगळ्यांना सांगेल, बघा, माझंच बरोबर होतं."

आक्का उठल्या. दारात येऊन शेगडीला पायानं अजून चार बोटं लांब सारली. "त्याला म्हनावं, माझं काय बी वाकडं झालं न्हाई."

तेव्हापासून शेगडी ओट्यावर. दिवस मावळला की सगळी ओळ तिच्याभोवती, वर पाण्याचं पातेलं. झोपताना ते पाणी रबरी पिशवीत भरायचं, पिशवी गोधडीत. शेगडी मात्र बाहेरच विझवायची. आत कोळशाचा तुकडाही नाही.

*

तरी एखाद्या सकाळी घड्याळ घसरायचंच. अशा वेळी संपत व्हिडिओ कॉलच्या आधी घड्याळ चहाच्या पातेल्यावर धरायचा. एकदा त्याला फिटरबुद्धीनं जोर चढला आणि त्यानं जरा जास्तच वेळ धरलं.

तिकडून प्रकाश म्हणाला, "आई, घरात अडतीस?"

आक्कांनी डोळ्याचं पातं लवू दिलं नाही. "हंगाम जोरात हाय औंदा."

प्रकाशनं रजा टाकली.

*

तो आला तो नेमका गारठ्याच्या लाटेत. गोदावरीवरून असा वारा सुटला होता की कुत्रीसुद्धा ओट्यावर चढून शेगडीपाशी बसली. प्रकाशनं घड्याळ भिंतीवर वर टांगलं आणि त्याच्याखाली खाट टाकून जाकिटासकट झोपला. गोधडी दिली तर म्हणाला, "मला चालतं."

सकाळी मी गेलो तेव्हा संपत पाळी संपवून नुकताच आला होता. घड्याळात बारा. प्रकाश घड्याळाकडे बोट करून उभा होता. "बघितलंत? सगळे मिळून मला फसवत होतात. आई, बॅग भर."

संपत खाली वाकून बुटाची नाडी सोडायला लागला. आकडा खरा होता.

आक्का अजून बाजेवरच. गोधडीतून नुसतं नाक बाहेर. "भरती बॅग. आदी सांग, रातभर खोकलं कोन? मी का तू?"

प्रकाश बोलायला गेला तर खोकलाच आला.

"ते घड्याळ दे हिकडं."

त्यानं काढून दिलं. आक्कांनी ते गोधडीत घेतलं आणि संपतला चहा टाकायला सांगितला. चहा झाला, आम्ही तिघांनी प्यायला. मग आक्कांनी हात बाहेर काढला आणि घड्याळ प्रकाशच्या हातात दिलं. एकोणतीस.

"तू मोजलंस कुटं?" आक्का म्हणाल्या. "मी काय भिताडावर झोपती का?"

प्रकाशनं घड्याळ दोन्ही हातांत धरलं. ते अजून गरम असणार.

दुपारच्या गाडीला तो एकटाच गेला. काखेत आक्कांची गोधडी होती.