सोनटक्के मॅडमची सही

सोनटक्के मॅडम कुठल्याही रोपवाटिकेत आल्या की आधी तिथलं सगळ्यात चांगलं रोप उचलायच्या. वाळलेल्या, पिवळ्या पडलेल्या रोपांकडे बघायच्याही नाहीत. मालकाने मुद्दाम पुढे मांडून ठेवलेलं, टवटवीत पानांचं जे रोप असेल, त्यालाच हात घालायच्या. पिशवी ब्लेडने उभी फाडायची, मातीचा गोळा बादलीत बुडवायचा, मुळं बोटांनी धुऊन काढायची आणि गळ्यात अडकवलेल्या भिंगातून बघत बसायचं. माझ्याकडे पहिल्यांदा आल्या तेव्हा मी म्हणालो, "मॅडम, तेच कशाला? गिऱ्हाइकाला दाखवायचं रोप आहे ते." त्यांनी मान वर केली नाही. म्हणाल्या, "वंगाळ रोप तुमी मला दाखवणार न्हाईत. मग चांगल्याचंच पोट फाडून बघावं लागतंय."

मला ही बाई तेव्हाच आवडली नाही. आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल की मी त्यांची थोरवी गायला बसलोय. तसं नाही. आजही त्या समोरून आल्या तर मी रस्ता बदलीन. त्या बदलणार नाहीत, सरळ येतील, एवढाच फरक.

आम्ही बागवान. अब्बांनी बीडमध्ये हातगाडीवर फळं विकली. मी मांजरसुंब्याच्या अलीकडे थोडी जमीन घेऊन डाळिंबाच्या कलमांची रोपवाटिका टाकली. दहा वर्षं आसपासच्या तालुक्यांत रोपं विकल्यावर मनात आलं, आपली कलमं बाहेरच्या देशात का जाऊ नयेत? माझा थोरला चुलतभाऊ खलील मुंबईत माल जहाजावर चढवण्याच्या कामात होता. त्याने मस्कतचा एक व्यापारी गाठून दिला.

झाड परदेशी पाठवायचं तर त्याच्यासोबत निरोगीपणाचा सरकारी दाखला लागतो. धंद्यात त्याला नुसतं 'फायटो' म्हणतात. ऑनलाइन अर्ज करायचा, फी भरायची, मग अधिकारी येऊन रोपं तपासतो, मुळांचा नमुना प्रयोगशाळेत जातो, आणि माल घेणाऱ्या देशाने घातलेल्या अटी पाळल्या असतील तरच सही होते. आमच्या भागात ती सही सोनटक्के मॅडमची होती.

त्या मूळच्या चकलांब्याच्या. पंचेचाळिशीच्या, काटक, उन्हाने रापलेल्या. स्कूटीवर यायच्या. फाटकापाशी उतरल्या की डिकीतली औषधाच्या पाण्याची बाटली काढून बुटांचे तळवे धुवायच्या, आणि मगच आत पाऊल टाकायच्या. माझी बायको शबाना एकदा म्हणाली, "मॅडम, आमचं अंगण स्वच्छ आहे हो." त्यावर उत्तर आलं, "तुमचं असंल. मी सकाळी कुणाच्या रानात होते ते मला ठाऊक हाय." चहा घेत नसत. पाणीसुद्धा स्वतःचं. ऑफिसात बसून बोलताना त्यांची भाषा पुस्तकी असायची, राग आला की चकलांबा बाहेर पडायचा. आणि माझ्याकडे आल्यावर त्यांना राग आला नाही असं क्वचितच झालं.

त्यांचं एक वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की कान किटले. "फी तपासणीची हाय, पास हुण्याची न्हाई." पहिल्या दोन खेपांना त्यांनी माझा छोटा माल नापास केला. एकदा पॅकिंगच्या लाकडावर कीड मारण्याच्या प्रक्रियेचा शिक्का नव्हता म्हणून, एकदा मुळांना चिमूटभर माती राहिली म्हणून. दोन्ही वेळा नव्याने अर्ज, नव्याने फी. मी म्हणालो, "मॅडम, एवढीशी माती. तिथे पोचेपर्यंत झडून जाईल." त्या म्हणाल्या, "झडून कुठं जाईल? त्यांच्याच देशात की! झाड पाठवा, माती हितंच ठेवा."

मग मस्कतहून मोठी मागणी आली. माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी. आठ बायका पंधरा दिवस मुळं धुवायला बसल्या होत्या. धुतलेली कलमं ओल्या कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या भुशात, गुंडाळून आम्ही सावलीत रचत होतो. मॅडम आल्या, नेहमीप्रमाणे वरच्या थरातलं देखणं कलम उचललं, मुळं बादलीत घातली. भिंग लावलं. मग दुसरं कलम. मग आतल्या थरातलं तिसरं.

त्याच्या मुळांवर गाठी होत्या. मोहरीएवढ्या, कुठे कुठे ज्वारीएवढ्या. सूत्रकृमी. डोळ्यांना न दिसणारा किडा मुळात शिरतो आणि मुळं गाठाळतात. झाड वर्षभर हिरवं दिसतं आणि मग एकाएकी मान टाकतं. डाळिंबवाल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. मॅडमच्या आधी आठवडाभर मला त्या गाठी दिसल्या होत्या. ज्या कलमांच्या मुळांवर मोठ्या गाठी होत्या ती मी बाजूला काढली होती, बारीक गाठींची आत रचली होती.

"नमुना पाठवायची बी गरज न्हाई, तरी पाठवते," त्या म्हणाल्या. प्रयोगशाळेचा कागद आठवड्याने आला आणि त्यांनी अर्ज फेटाळला. मी त्यांच्या ऑफिसात गेलो, आवाज चढवला. आजूबाजूची टेबलं ऐकत होती.

"मॅडम, थोडक्यांत सापडलं म्हणून सगळा माल मारता? माझं घर बसेल."

"बागवान, तुमी झाडं पाठवत न्हाई, रोग पाठवताय. अन् तुमाला ठाऊक होतं. आतल्या थरात बारीक गाठीची कलमं आपोआप गेली का?"

सगळ्यांसमोर बोलल्या. खरं बोलल्या, म्हणून जास्त झोंबलं. मी तिथून उठलो तो सूड डोक्यात घेऊनच.

खलीलभाई मुंबईहून आला. तो म्हणाला, "कावून रडतो बे? तिला हलवू. दुसरा बसंल, सही करंल." तक्रार त्यानेच लिहिली: मॅडमनी सरकारी फीशिवाय वर पैसे मागितले, दिले नाहीत म्हणून माल अडवला. खाली सही माझी. सही करताना त्या बाईचं तोंड कसं होईल ते मी डोळ्यांपुढे आणत होतो.

पंधरा दिवसांत मॅडमकडून तपासणीचं काम काढून घेतलं आणि चौकशी लावून त्यांना वडवणीच्या बियाण्याच्या गोदामावर बसवलं. त्यांच्या जागी आलेल्या साहेबांना मी नव्याने अर्ज केला. ते मांजरसुंब्यापर्यंत आलेच नाहीत. नमुना आणून द्या म्हणाले. मी वाळूच्या वाफ्यातल्या पाच निरोगी कलमांची मुळं नेऊन दिली. सही झाली. माल गेला.

माल जहाजावर असतानाच चौकशीची तारीख आली. चौकशीच्या खोलीबाहेरच्या बाकावर मी आणि मॅडम, दोघंच. मधे एक माणूस बसेल एवढी जागा. वाटलं, आता शिव्या देतील. त्या समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाल्या, "आत जाऊन काय सांगायचं ते नीट सांगा. अडखळू नका. अडखळलात तर तारीख वाढते, अन् मला परत वडवणीहून यावं लागतंय."

मी अडखळलो नाही. चौकशीच्या साहेबांनी विचारलं, "यांनी पैसे मागितले?" मी म्हणालो, "हो." समोर त्या बसल्या होत्या. त्यांनी कागदावर काहीतरी टिपलं आणि टोपण पेनाला लावलं.

आठवड्याभराने मस्कतच्या बंदरावर माल अडला. तिथल्या तपासनीसांनी मुळं धुतली, गाठी बघितल्या आणि सगळी कलमं जाळली. व्यापाऱ्याने फोनवर एवढंच सांगितलं की परत फोन करू नका. मी पलंगावर पडून राहिलो. तिसऱ्या दिवशी शबाना भाकरी थापताना म्हणाली, "झाडं जळायचीच होती. तुम्हाला माहीत होतं. त्या बाईच्या पोराबाळांना शेजारपाजारचे काय म्हणत असतील, त्याचा विचार केला का कधी?"

मी तिच्यावर ओरडलो. मग दुसऱ्या दिवशी वडवणीला गेलो.

बाजारचा दिवस होता. गोदाम बसस्टँडच्या मागे. मॅडम पोत्यांवरच्या चिठ्ठ्या तपासत होत्या. मला बघून म्हणाल्या, "दारातच थांबा."

मी दारात उभा राहून म्हणालो, "मॅडम, माफ करा. माझं चुकलं."

"तोंडी नको. तोंडी तुमी साहेबापुढं बी बोललात."

त्यांनी एक कोरा कागद आणि पॅड पुढे केलं. मी उंबऱ्यावर बसून लिहिलं: 'माझी तक्रार गैरसमजातून झाली होती.' त्यांनी वाचलं आणि कागद परत दिला. "गैरसमज कुणाचा? काय समजला होता तुमी?" मी दुसरा कागद घेतला. 'रागाच्या भरात चुकीची माहिती दिली.' तोही परत आला.

"खोटं होतं. 'खोटं' असंच लिहा."

"मॅडम, असं लिहिलं तर माझ्यावर केस होईल. रोपवाटिकेची नोंदणी जाईल."

"जाईल," त्या म्हणाल्या. समजूत घालायची, धीर द्यायचा, काही नाही. बाहेर बाजारात कुणीतरी भोंग्यावर कांदे विकत होतं, आणि त्या माझ्याकडे बघत उभ्या होत्या. मग मी लिहिलं: 'पैसे मागितल्याची माझी तक्रार खोटी होती. माझ्या कलमांना गाठी होत्या आणि ते मला माहीत होतं.' सही केली. नव्या साहेबांना दिलेल्या पाच कलमांचंही लिहिलं, ते त्यांनी विचारलं नव्हतं तरी.

त्यांनी कागद दोनदा वाचला, मोबाइलवर फोटो काढला, घडी घातली. वाटलं, आता एखादा शब्द बोलतील. म्हणाल्या, "दारातनं सरका. गाडी आत यायची हाय."

परतीच्या एसटीत मला त्यांचा भयंकर राग आला. एवढं करूनही ही बाई! मग हळूहळू लक्षात आलं की मी माफी मागायला गेलोच नव्हतो, माफी आणायला गेलो होतो. आणि ती मिळाली नाही म्हणून चिडलो होतो.

माझी नोंदणी वर्षभरासाठी रद्द झाली. दंड झाला. खलीलभाईने बोलणं टाकलं, ते अजून टाकलेलंच आहे. मॅडमची चौकशी बंद झाली आणि त्या जुन्या जागी परत आल्या. मी सगळे वाफे उपटले, उन्हाळाभर जमिनीवर प्लास्टिक अंथरून ती तापवली, ज्यांच्यावरून कलमं घेतो ती मातृझाडं जाळून नवी आणली. नोंदणी परत मिळाल्यावर एका लहानशा मागणीसाठी अर्ज केला, फी भरली आणि वाट बघत बसलो. खोटं कशाला सांगू, मला त्यांना माझी पांढरी स्वच्छ मुळं दाखवायची होती.

आला तो शेजारच्या जिल्ह्यातला एक तरुण अधिकारी. म्हणाला, मॅडमनी लेखी कळवून तुमचं काम माझ्याकडे दिलंय. त्याने नीट तपासलं, नमुना पाठवला, सही केली. माल गेला, पोचला, तिकडच्या जमिनीत लागला.

ते कळलं त्या संध्याकाळी मी मॅडमना फोन केला. विचारलं, "तुम्ही का नाही आलात?"

"कशाला यावं?" त्या म्हणाल्या. "तुमच्या मालाला न्हाई म्हणाले असते तर लोक म्हणाले असते, सूड घेतला. हो म्हणाले असते तर म्हणाले असते, कागदाच्या बदल्यात सही दिली. तुमी माझी सही नासवली, बागवान. तुमच्यापुरती ती आता चालत न्हाई."

त्यांनी फोन ठेवला. दोन वर्षं झाली. माझी कलमं आता नेमाने बाहेर जातात, दाखल्यावर त्या तरुण अधिकाऱ्याची सही असते, आणि कागद हातात आला की मी आधी खालचं नाव वाचतो.