चकव्याची कविता

विद्यापीठाच्या मराठी विभागात तिला सगळे पेन्सिल म्हणत, कारण कानावर पेन्सिल नाही असं तिचं डोकं कुणी पाहिलंच नव्हतं. चार वर्षं तिने एकच उद्योग केला. माणसांना समोर बसवायचं, नव्या कविता मोठ्याने वाचायला लावायच्या, आवाज अडखळेल तिथे खूण करायची आणि विचारायचं, "इथे मनात काय आलं?" अशी साठ माणसं झाली. या पीएचडीच्या प्रबंधावरच तिची नोकरी ठरणार होती.

या अभ्यासात तिने एक चकव्याची, कुणाच कवीची नसलेली कविताही घुसडली होती, म्हणजे वाचणारा कवीच्या नावाला भुलतो की शब्दांना, ते कळतं. ओळी होत्या तिच्या आईच्या. आईला हल्ली काही आठवत नाही. एकदा स्वतःच्याच घरात उभी राहून ती म्हणाली होती, "घर कुणीतरी घडी घालून ठेवलंय. आता कुठल्या कपाटात शोधू?" पेन्सिलने कवीच्या जागी 'अज्ञात' लिहिलं. गुपित शेवटच्या प्रकरणात फोडायचं होतं, आणि ते प्रकरण अजून लिहायचं होतं.

तिचे गाईड, म्हणजे सर, "तू माझी मुलगीच" म्हणायचे. बाकीचा प्रबंध तपासायला म्हणून घेतला आणि आठ महिने त्यावर बसून राहिले. मग सरांचं पुस्तक आलं. पेन्सिलने उभ्याउभ्याच चाळलं. साठ माणसं तीच, वाक्यंही तिचीच. तिचं नाव आभारांत, टायपिंग करणाऱ्याच्या खाली. बाप म्हणवणारा माणूस, आणि लाजसुद्धा वाटली नाही त्याला.

ती थेट केबिनमध्ये गेली. "सर, हे माझं काम आहे."

"अगं, आपल्यात कसलं तुझं-माझं?"

तिने पुस्तकातल्या आईच्या ओळी उघडून दाखवल्या. त्यांच्यावर सरांनी चांगली चार पानं खर्ची घातली होती. "आणि हा कवी कोण?"

"विस्मृतीत गेला बिचारा. तरुणपणी भेटलो होतो मी त्याला. फार मोठा माणूस."

पेन्सिलला आधी हसू फुटलं, मग रडू आवरेना. "ती माझी आई आहे, सर. हा चकवा होता."

सरांनी चष्मा पुसला, उठून दार लोटलं. मग अगदी मायेने म्हणाले, "काळजी करू नकोस. पुढच्या आवृत्तीत तेवढी चार पानं काढून टाकू."

म्हणजे तिची चार वर्षं गिळून ढेकर द्यायचा, आणि काढायचं कुणाला, तर आईला.

तिने पुस्तक पिशवीत घातलं. "राहू द्या ती पानं," ती म्हणाली. "तक्रारीला पुरावा म्हणून तीच जोडणार आहे."