कीबोर्ड म्हणजे संगणक नव्हे

मध्य प्रदेशातल्या सौंसरच्या आमच्या वस्तीतल्या विहाराला लागून एक वाचनालय आहे. बंद पडलेल्या एका कोचिंग क्लासने त्याला तीन जुने संगणक दिले. ते चालू कोणत्या ऑपरेटिंग सिस्टमवर करायचे, यावर समितीत सात रविवार वाद झाला. मी पांढुर्ण्याला वार्ताहर म्हणून काम करतो. लिहिणं हाच धंदा असल्यामुळे बैठकीचं इतिवृत्त माझ्याकडे आलं होतं. पुढचा मजकूर बराचसा त्या वहीतून घेतला आहे.

या समितीत हात वर करून मतदान होत नाही. पूर्वी एकदा झालं होतं, तेव्हा दोन घरांचं बोलणं तीन वर्षं बंद पडलं. तेव्हापासून एकमत झाल्याशिवाय काहीच करायचं नाही, असा नियम आहे. एकमत होत नव्हतं, म्हणून संगणक चादरीखाली राहिले.

वादाच्या एका बाजूला वीज खात्यातून निवृत्त झालेले लाइनमन काका होते. त्यांचा आग्रह फुकटच्या, खुल्या सिस्टमचा. दुसऱ्या बाजूला तहसीलमधला संगणक ऑपरेटर. त्याला विकतचीच सिस्टम हवी होती.

"त्या कंपन्या आपली सारी माहिती घेऊन राहिल्या, बाबू," काका म्हणाले. "तू घरात काय खाते, तेही त्यायले माहीत हाय."

"काका, माह्या घरी रोज वरण-भातच असते. घेऊ द्या त्यायले."

"आन् पोरायले पुढं प्रोग्रामिंग शिकवाचं म्हटलं तं? पायथन शिकवा, फुकटात होते."

"पायथननं काय होते? जावा शिकवा, नोकरी लागते."

"तुले येते का जावा?"

"नाई. तुमाले येते का पायथन?"

काका चहा प्यायले. अध्यक्ष असलेल्या निवृत्त शिक्षिका बाईंनी विषय पुढच्या रविवारवर ढकलला.

या वादाची झळ एकाच व्यक्तीला लागत होती. ती संत्र्याच्या छाटणीला, म्हणजे फळं आकाराप्रमाणे वेगळी करायला, जाणारी बाई होती. वय पस्तिशीचं, शिक्षण बारावी. तिने राज्याच्या संगणक परीक्षेचा फॉर्म भरला होता. ती पास झाली तरच सरकारी कार्यालयातल्या ऑपरेटरच्या जागेसाठी अर्ज करता येणार होता, आणि वयोमर्यादेमुळे पुढची संधी मिळेल याची खात्री नव्हती. हिंदी टायपिंगचा सराव करायला तिच्याकडे काहीच नव्हतं. परीक्षा दीड महिन्यावर होती.

दुसऱ्या रविवारी ती दाराशी उभी राहून म्हणाली, "तुमचं भांडण चालू द्या. मले फक्त कीबोर्ड द्या घरी न्याले."

कीबोर्ड हा संगणकाचाच भाग, म्हणून नियम त्यालाही लागू होतो, असं ऑपरेटरचं म्हणणं. काकांच्या मते वायर काढली की ती नुसती पाटी. ही चर्चा चाळीस मिनिटं चालली. शेवटी या दोघांचं पहिल्यांदा एकमत झालं. इतिवृत्तात नोंद आहे: "वायर जोडलेली नसताना कीबोर्ड म्हणजे संगणक नव्हे."

तिचा फॉर्म ऑपरेटरने भरला होता. त्यात त्याने अक्षरांची जुनी, टाइपरायटरची मांडणी निवडली होती. ती मांडणी त्याने तिला कागदावर काढून दिली आणि कोणत्या बोटाखाली कोणतं अक्षर येतं ते पाठ करून घेतलं. काकांना यातलं काही माहीत नव्हतं. मदत म्हणून एका दुपारी ते तिच्या घरी गेले आणि प्रत्येक बटणावर अक्षराची चिकटपट्टी लावून आले, तीही नव्या सरकारी मांडणीप्रमाणे. परिणामी जिथे चिकटपट्टीवर 'क' दिसत होता, तिथे परीक्षेत काना उमटणार होता.

पट्ट्या तिने काढल्या नाहीत. मी कारण विचारलं.

"काकांनी चष्मा लावून, एकेक कापून लावल्या. काढाच्या कशा? पाहूच नाई, म्हंजे झालं."

ती कीबोर्डवर दुपट्टा टाकून सराव करू लागली. हात दुपट्ट्याखाली, नजर समोरच्या भिंतीवर टांगलेल्या हिंदी उताऱ्यावर. ती चुकते की नाही हे तिला कळायला मार्ग नव्हता, कारण कीबोर्ड कशालाच जोडलेला नव्हता. छाटणीच्या कामात तिला फळाचा आकार हातानेच कळायचा आणि बोलता बोलता ते बरोबर ढिगात पडायचं. हेही तसंच असेल, असं ती म्हणायची.

सातवा रविवार परीक्षेच्या आधीचा शेवटचा होता. ती कीबोर्ड घेऊन बैठकीत आली.

"आज दहा मिनिटं मशीन चालू करा."

"एकमत नाई झालं ना, ताई," ऑपरेटर म्हणाला.

"मंग नाई म्हणाचं असन तं तेही एकमतानं म्हणा."

बाईंनी सगळ्यांकडे पाहिलं. नाही म्हणायला कोणीही तयार झालं नाही. नकाराला एकमत नसल्याचा निर्णय देऊन बाईंनी स्वतः चादर काढली. संगणकात कोचिंग क्लासचीच जुनी सिस्टम होती आणि त्यात टाइपरायटरची मांडणीही होती. तिने वायर जोडली, दुपट्टा टाकला आणि बाई वाचत होत्या तो उतारा टाइप केला. पडद्यावर हिंदी उमटली. पाच ओळींत तीन चुका होत्या.

"पाह्यलं? पट्ट्या कामी आल्या!" काका म्हणाले.

ऑपरेटरने दुपट्टा उचलून पट्ट्या पाहिल्या आणि तो पोट धरून हसला. काकांना कारण समजायला थोडा वेळ लागला.

"काऊन सांगतलं नाई, पोरी?"

"तुमच्या पट्ट्यायनंच तं न पाहता याले लागलं, काका."

परीक्षा छिंदवाड्याला झाली. केंद्रातल्या कीबोर्डवर फक्त इंग्रजी अक्षरं होती. शेजारचे दोघे सारखे खाली पाहत होते, असं तिने सांगितलं. ती पास झाली. आता ती मोहगावच्या एका कार्यालयात कंत्राटी ऑपरेटर आहे आणि सकाळच्या बसने जाते. समितीने तिला सदस्य करून घेतलं. सिस्टमचा वाद मिटलेला नव्हताच; पहिल्याच बैठकीत काका आणि ऑपरेटर दोघांनी तिला आपापल्या बाजूला ओढायचा प्रयत्न केला. तिने तीन संगणकांपैकी मधला रोज संध्याकाळी दोन तास छाटणीवाल्या बायांसाठी मागितला. सिस्टम कोणती असावी, हे ती बोललीच नाही.

या मागणीला एकमत मिळालं. सध्या तिथे चार जणी येतात.